कोंबड्यामागून कोट

मिंगेल : …म्हणून म्हणतो फादर, तुम्ही एकदा इनासबाबांना दटावा. माझ्या घरी येऊन वस्तू देणं बंद करा म्हणावं. तुमचं ऐकतील.

फादर : मिंगेल, भर दुपार आहे. पेज पिऊन मी आत्ता कुठे आडवा झालो होतो. माणूस चोरीची तक्रार घेऊन आला तर समजू शकतो. तू देण्याची तक्रार घेऊन आलायस.

मिंगेल : रोज देतात हो. परवा तांब्याचं भाण आणलं, अंघोळीचं पाणी तापवायचं. दोघांनी उचलायचं भांडं, हे सत्तरीचं माणूस रस्त्यानं गडगडवत एकटं घेऊन आलं. आवाजानं सगळी वाडी बाहेर. आणि फाटकाशी उभं राहून मोठ्यानं म्हणतात, ‘मिंगेल, हे न्यायचं राहिलं रे तुझं.’

फादर : राहिलं म्हणजे आधी काहीतरी नेलं असणार.

मिंगेल : छे.

फादर : त्यांचा कोंबडा गेला म्हणे.

मिंगेल : गेला असेल. मुंगूस असतं, कोल्हा असतो. कोंबड्याचं काय घेऊन बसलात.

फादर : कोल्ह्याच्या घरी कोणी भाण पोचवत नाही. सरळ सांग, तू नेलास?

मिंगेल : मी नाही.

फादर : भिंतीवरच्या क्रुसाकडे बघून सांग.

मिंगेल : बघूनच सांगतो. मी त्या कुंपणाकडे फिरकलोसुद्धा नाही.

फादर : आणि ह्या पोत्यात काय आहे?

मिंगेल : नारळ. त्या कोंबड्याला मी ओळखतच नाही, फादर.

(पोत्यातून कोंबडा आरवतो.)

फादर : तीनदा नाकारलंस आणि कोंबडा आरवला. येशूला नाकारणाऱ्या पेत्रानंतर तूच.

मिंगेल : पेत्राला पुढे स्वर्गाच्या किल्ल्या मिळाल्या.

फादर : तुलाही हव्यात?

मिंगेल : मला किल्ल्यांची तशी गरज पडत नाही.

फादर : खाली बस. आणि आता पहिल्यापासून खरं सांग.

मिंगेल : ईस्टर झाल्यावर चार दिवसांनी हाताला खाज सुटली. चाळीस दिवसांचा उपास धरला होता ना मी, कशाला हात लावला नव्हता. हा कुंपणावर बसलेला. उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बघतो तर इनासबाब, काखेत कोंबडी. म्हणतात, ‘एकटा तो दाणा टिपत नाही, हिलाही ठेव.’ मला वाटलं टोमणा मारतायत. त्या रागात मी त्यांचा हद्दीवरचा फणस उतरवला. तर संध्याकाळी खोबरेल घेऊन हजर. हाताला लाव म्हणाले, चीक निघत नाही. आणि मग कोट.

फादर : कसला कोट?

मिंगेल : जहाजावरचा. लोकरीचा, गुडघ्याच्या खाली येणारा. ऐन मे महिन्यात. घालून बघ म्हणाले.

फादर : घातलास?

मिंगेल : मोठं माणूस सांगतंय, नाही कसं म्हणणार. घामानं निथळलो. मापाला बरोबर बसला, हेच वाईट झालं.

फादर : फुकट घर भरतंय तुझं. तुझं बिघडलं कुठे?

मिंगेल : रविवारी माझ्या फिलूला बघायला येतायत, फादर. कुंकळ्ळीची माणसं आहेत, मुलाची स्वतःची बेकरी आहे. पाहुणे दारापुढच्या बाल्कांवावर बसलेले असायचे आणि हे खांद्यावर पलंग टाकून फाटकाशी उभे, ‘मिंगेल, हे राहिलं रे.’ उठून जातील हो ते. मी चोर आहे, कबूल. पण पोरीनं कोणाचं काय नेलंय?

फादर : मग कोंबडा परत करून मोकळा हो.

मिंगेल : दोनदा गेलो. दारातूनच परत पाठवलं. दिलेलं घेत नाही म्हणतात. मी म्हटलं, बाबा, तुम्ही दिलेलं नाही, मी चोरलंय. तर म्हणाले, ते आधी. नंतर मी दिला. म्हणून तुमच्याकडे आणला. तुमच्या हातून तरी घेतील.

इनास : फादर, आहात का आत? मिंगेलची सायकल दिसली म्हणून इथंच वळलो.

मिंगेल : आले. बघा, हातात काय आहे ते बघा.

इनास : डालगं आहे रे. त्याला ह्याच्याखाली झोपायची सवय आहे. उघड्यावर दचकतो.

फादर : या इनासबाब, टेका. हे सगळं काय आरंभलंय तुम्ही?

इनास : मी कुठे, तुम्हीच आरंभलंत. उपासाच्या दिवसांत प्रवचनात सांगितलंत, कोणी तुझा सदरा नेला तर त्याला कोटही दे. मी इतकी वर्षं तारवावर काढली, फादर. कप्तानाचा हुकूम दोनदा विचारायची सवय नाही मला.

फादर : अहो, त्याचा अर्थ मन मोठं ठेवावं असा आहे.

इनास : मन लिहिलेलं नाही. कोट लिहिलंय. माझ्याकडे होता.

फादर : दर वर्षी मी हेच प्रवचन देतो. आजवर कोणी रुमालसुद्धा दिला नव्हता. म्हणून मीही निर्धास्त होतो.

मिंगेल : हे प्रवचन-बिवचन काही नाही, फादर. सूड आहे हा. उपकार करून करून माझ्या डोक्यावर निखारे रचतायत.

इनास : सूडच घ्यायचा तर पोलिसांत गेलो असतो. पण तिथं चहा कोण देतो?

फादर : चहाचं काय मध्येच?

इनास : ह्याची बायको देते ना, पियादाद. कोंबडी घेऊन गेलो त्या दिवशी म्हणाली, उभ्या उभ्या काय जाता, बसा. आलं घालून केला. फिलूनं बिस्किटं आणून ठेवली, नि विचारलं, बोटीवर समुद्र लागतो का हो. कोणीतरी मला काहीतरी विचारलं, फादर. माझी बायको कोंसू गेल्याला वर्ष झालं. मुलं विलायतेत. फोन करतात, नाही असं नाही. पण फोनवर चहा पिता येत नाही.

मिंगेल : मग नुसतं यायचं होतं.

इनास : रोज उठून रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जायचं? काहीतरी निमित्त नको?

फादर : म्हणजे हे बायबलामुळे नव्हतं तर.

इनास : बायबलामुळेच. चहा तेवढा वरचा.

मिंगेल : हे बघा, मला वाईट वाटतंय. पण रविवारी फिलूला बघायला येतायत, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. फादर, असंही लिहिलंय ना, जो मागेल त्याला दे?

फादर : लिहिलंय. मिंगेल, जपून बोल.

मिंगेल : मग इनासबाब, मी मागतो. माझ्या घरी येणं बंद करा. एवढंच द्या मला.

इनास : मागितलंस?

मिंगेल : मागितलं.

इनास : मग दिलंच पाहिजे. तुला रविवार हवा असणार. सोमवारही दिला. पुढचेही सगळे घे. हे डालगं ठेव, हे मागण्याच्या आधीचं आहे. फक्त त्याला मागच्या अंगणात बांधू नकोस. पुढे असला की पहाटेचं माझ्या खिडकीपर्यंत ऐकू येतं. येणं माझं बंद केलंस, आवाजाचं नको करू. कोंसूनं वाढवलेला आहे. उठतो फादर. तुमची झोप मोडली.

फादर : मिंगेल, आजवर तू पुष्कळांचं पुष्कळ उचललंस. हे जड आहे रे. झेपतंय का बघ.

मिंगेल : इनासबाब, पायरी फुटकी आहे, बघून उतरा. …थांबा. थांबा जरा.

इनास : काय राहिलं?

मिंगेल : रविवारी आमच्या बाजूनं बोलायला कोणी वडीलधारं नाही. फिलूला बाप्तिस्म्याला ज्यानं हातावर घेतलं तो पाद्रीन पावसाळ्यात वारला. मी तोंड उघडलं की माणसं आधी आपले खिसे चाचपतात. तुम्ही या.

इनास : आत्ता येऊ नको म्हणालास. मी देऊन मोकळा झालो.

मिंगेल : तेच परत करतोय. एवढ्या वस्तूंतली एक तरी परत घ्या माझ्याकडून.

फादर : घ्या, इनासबाब. कप्तानाचा हुकूम समजा.

इनास : पाहुण्यांनी विचारलं, हे कोण, तर?

मिंगेल : शेजारी म्हणेन. आणि कोण?

इनास : मग कोट लागेल मला. चार माणसांत बसायचं म्हणजे.

मिंगेल : मी आणून देतो. उन्हात वाळवून.

इनास : आणि तू काय घालशील?

मिंगेल : सदरा आहे माझा. माझाच आहे, फादर, असं बघू नका.

इनास : पण येताना आणू काय?

मिंगेल : काही नको.

इनास : अगदीच रिकाम्या हातानं?

मिंगेल : या हो. तुम्ही फाटकाशी दिसायच्या आधीच पियादाद आलं किसायला घेते. हातात काय आहे, ते तिनं एकदाही बघितलेलं नाही.