पोटुशीचा वाटा

मी भोयाची पोरगी. गाव आमचं अकोल्याकडे, खारपाणपट्ट्यात, हिरीचं पानी तोंडात धरवत नाही असं, पन नदीचा डोह होता आन् माहा बाप त्या डोहाचा राजा. आता मी अमरावतीले राह्यते, मासोया आन् बायाईची तब्येत यावर संशोधन करते, लोक मॅडम म्हनतात, पन मासोयाच्या टोपल्याचा वास काही अंगातून गेला नाही बाप्पा, आन् जाऊ बी नये.

आमच्यात रीत होती पाहा. डोहातून मासोयाचं जायं वर काढलं का पह्यला वाटा पोटुशी बाईच्या घरी. मंग ते पाटलाची सून असो का बौद्धवाड्यातली, बाबा दारात उभा राहे आन् म्हने, घे माय, बारीक हाय, काट्यासकट खा. पैसा घेत नसे. काय सांगू तुमाले, माहं सारं शिक्षन त्या वाट्यातूनच निंगालं. अंगात रगत कमी असलेल्या बायाईले हेच बारीक मासे काऊन मानवतात, ते मी तपासत गेली, मोठमोठ्या सभेत सांगत गेली. बाबा गावभर सांगे, आमचंच शिकून पोरगी सायेब झाली.

मंग एका उन्हायात डोह आटत आला. वरच्या अंगाच्या काही लोकाईनं, कोन जायं टाकत बसते म्हनून, पान्यात फवारनीचं औषध ओतलं. मासे उलटे होऊन वर येतात, भरा टोपलं. मी म्हटलं, अरे, इख हाय ते. तं हासले मले. हयद-मीठ लावून धुतलं का जाते म्हने. मी मासोयाचे नमुने तपासाले पाठवले, आन् आलं ना इख त्याच्यात! बाबाच्या जायातल्या मासोयात बी आलं, पानी तं एकच. आन् माही वहिनी तवा सातव्या महिन्यात, रोज तेच खाऊन राह्यली होती.

बाबाले फोन केला, वाटा देऊ नका. तो म्हने, मी ओतलं का? नाही बाबा. मंग माहा वाटा काऊन बंद? लय समजावलं, रडली, तरी दुसऱ्या दिवशी टोपलं घेऊन निंगालाच. मंग मीच गावात गेली, ग्रामसभेत उभी राह्यली, सांगतलं का डोहातले मासे कोनी खाऊ नका. बाबा समोरच बसून होता. त्या दिवसापासून बाया त्याले पाहून दार लोटून घेऊ लागल्या. ओतनारे राह्यले बाजूले, इखारी ठरला माहा बाप. याचा मले आजबी असा राग येते का काय सांगू.

वहिनीले पोरगा झाला. चांगला हाय, पन जरा शिंकला तरी आमचा जीव वरखाली होते. डोहाचं पानी मी अजून तपासून राह्यली, साफ झालं असं सांगता येत नाही. पोटुश्या बाया इचारतात, मंग आमी खावं काय? तुरीची दाय परवडत नाही.

परवा घरी गेली होती. बाबा ओट्यावर बसून जायं शिवत होता, टाकाचं कुठंच नाही तरी. मी पाया पडली. त्यानं मान वर केली नाही, आत आवाज देल्ला, सूनबाई, पाव्हने आले, पानी आन.

पोटच्या पोरीले पाव्हने म्हनते. म्हनो बापा. त्याले लंबं आयुष्य लाभो. पन मले शिव्या घालाले तरी एकडाव माह्याकडे पाहो.