उजवी बाजू

—नको भाऊ, ती ट्यूब नको, आहे घरात. मला फक्त पांढरं व्हॅसलीन द्या, मोठी डबी, आणि तो प्लास्टिकचा रोल, भांड्यांवर ताणून लावतात तो. स्वयंपाकाला कुठला, बायकोच्या डोक्याला. मलम चोळायचं, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, म्हणजे औषध आत मुरतं. चाई झालीय तिला—साधी नाण्याएवढी नव्हे, सगळं डोकं, भुवयासुद्धा. शरीर आपल्याच केसांवर उलटतं म्हणे. तर हे स्टिरॉइड, भलतं कडक, डॉक्टरीणबाई म्हणाल्या आधी डाव्या अर्ध्या डोक्यालाच लावा, उजवं तसंच ठेवा, म्हणजे गुण औषधाचा की आपोआप आला ते कळेल.

लावलं मी. रोज, जेवणं झाली की, दार-खिडकी लावून—कारण तिचं ते डोकं घरात माझ्याशिवाय कुणी बघितलेलं नाही, तिच्या सख्ख्या आईनेसुद्धा नाही. मी चोळायला लागलो की डोळे मिटायची आणि दिवसभराचं सगळं सांगत बसायची, कोण काय बोललं, कशाने रडू आलं. एवढं तर लग्न नवीन होतं तेव्हाही बोलत नव्हती.

आणि आले की केस. आधी पांढरी लव, मग काळे, चांगले दाट. आनंद झाला ना, का नाही होणार? कुणाचं बरं झालं की पोटात दुखणारा माणूस नाही मी. पण ही काय करते—तिच्या ऑफिसात एक टायवाला आहे, भर उन्हाळ्यातही टाय लावतो, त्याला दाखवते, स्कार्फ सरकवून. तो हात फिरवून म्हणतो, मखमल आहे. आणि हे मला सांगतं कोण? तीच, हसत हसत, माझे हात तिच्या डोक्यात असताना. मखमल म्हणे. बोटं झिजवली मी, आणि हात फिरवायला हा.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता उजवीकडेही सुरू करा. केलं की. चोळतोच, एक दिवस चुकवत नाही. मागे उभा राहून लावतो, तिला कुठे दिसतंय काय—म्हणजे तसं नव्हे. हे बघा, कडक औषध, कातडी पातळ होते, तुमच्याच कागदावर छापलंय. व्हॅसलीनने काय वाईट होतं? मऊ राहतं. अर्धं आलंय ना, पुरे की. अर्धं डोकं घेऊन कुणी बाहेर मिरवत नाही, घरातच राहतं माणूस, आपल्या माणसाजवळ—असं बघू नका माझ्याकडे. मी लावतो ते प्रेमानेच लावतो.

—काय? कोण आलं होतं? सकाळी? स्वतः ट्यूब घेऊन गेली? आणि मी शेवटची कधी नेली तेही विचारलं. तुम्ही सांगितलंत. बरं. सांगणारच, तुमचं काय चुकलं.

एक सांगा, डोक्यावर स्कार्फ होता ना?

नव्हता.

म्हणजे तुम्हीही बघितलंत.

काही नको. ठेवा ते सगळं परत.