कचेरीतल्या हाका

सभ्य गृहस्थहो, माता-भगिनींनो, आणि या जागेवर आमच्याआधी हक्क असलेल्या बुधियादाई,

भरल्या सभेत बोलण्याचा मला संकोच नाही. परंतु समोर आपल्यातून गेलेल्या सुखदेवची सतरंजी रिकामी अंथरली आहे. तिच्यासमोर शब्द जड होतात.

आपण बसलो आहोत ती मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, जुनी कचेरी. कारखान्यासाठी गाव उठले, घरे गेली, ही तेवढी उरली. सिमेंटची पोती ठेवण्यापुरती. पोती संपली आणि वदंता पसरली की, संध्याकाळी येथे हाका ऐकू येतात. कारखान्याच्या वसाहतीतले, सेक्टरमधले कोणी इकडे फिरकेना.

सुखदेव कारखान्यात फिटर. भंडाऱ्याकडचा, बौद्ध. त्याने ही जागा मुलांच्या अभ्यासासाठी मागून घेतली. मी वडीलकीने बजावले, "येथे भुते आहेत." तो म्हणाला, "असू द्या ना काका. त्यायलेबी बसाले जागा लागते."

हाका खऱ्या होत्या. उठलेल्या गावाच्या या बुधियादाई आता रुआबांध्याच्या वस्तीत राहतात. दिवेलागणीला त्या येथे येत आणि गेलेल्या एकेका घराला नावाने हाक मारीत. कचेरीच्या ओट्याखाली उभ्या राहून. त्यांच्या सासऱ्यालाही मालगुजार खालीच उभे करी. सुखदेवने त्यांना हात धरून वर आणले. "दाई, आधी तुमचं गाव, मंग आमची शाळा."

तेव्हापासून तोच नेम. दाई हाका मारीत. कुणब्यांची, तेल्यांची, बौद्धांची, छत्तीसगढ्यांची, सारी मुले एका चटईवर गप्प बसत. प्रत्येक नावानंतर सुखदेव थोडा थांबे. जणू कोणी ओ देईल. मग पाट्या निघत.

मी एकदा विचारले, "सुखदेव, ओ कोण देणार आहे?"

"कोनी नाही, काका. पण पोरायले समजाले पायजे, आपण कोनाच्या घरात बसून राहिलो."

काल एक गृहस्थ म्हणाले, मास्तर गेला, आता कुलूप घाला, जागा गोदामाला बरी. गृहस्थहो, मी चौथी शिकलो आहे, आणि ती पूर्ण शिकलो आहे. किल्ली माझ्यापाशी आहे. उद्या दिवेलागणीला हे दार मी उघडीन.

आता सर्वांनी उभे राहावे. दाई नावे घेतील. काल त्यांनी शेवटी एक नाव वाढवले. ते आल्यावर कोणी रडू नये. थांबावे. तो थांबत असे, तितकेच.