सोनीच्या तळहातांचे ठसे

चहा राहू दे गं, माझं डोकं अजून तापलंय. जामसरच्या पुढे आमच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत आज पोरांचा पहिला दिवस. दरवर्षी कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पावलं उमटवतो आणि ते कागद घेऊन सगळ्यांचा फोटो काढतो. चार वर्षांच्या सोनीला चालता येत नाही, ती हातांवर सरकते. म्हणून मी तिच्या तळहातांचे ठसे घेतले.

तपासणीला आलेल्या मॅडम म्हणतात, "हे काय? फोटोत पावलंच पाहिजेत. हिला बाजूला बसवा."

असली चीड आली! म्हटलं, "मॅडम, बाकीची सगळी आयांच्या कडेवर रडत आली. आपली आपण आत आली ती ही एकटीच, याच हातांवर."

सोनीला मधोमध बसवलं आणि सांगितलं, "आता बाजूला तुम्ही व्हा."