अर्धं बोट कमी

आदरणीय अध्यक्षताई, मंचावरचे डॉक्टर आणि पाद्रीसाहेब, मास्तर, आणि समोर बसलेले तुम्ही सगळे, आमचे पाय घालून इथवर चालत आलेले,

मास्तरांवर चार शब्द बोल, असं मला सांगितलं. चार शब्दांत मावणारा माणूस असता, तर हे सभागृह भरलं असतं का?

आपल्या कार्यशाळेत मास्तरांनी चाळीस वर्षं कृत्रिम पाय केले. प्रत्येक साच्यात प्लास्टर ओतलं की ते त्यावर हात ठेवून डोळे मिटत. मास्तर झोपले, असं आम्ही म्हणायचो. झोपलो असतो तर घोरलो असतो, असं ते म्हणायचे.

मी या कामात का आलो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मोटारसायकल मी चालवत होतो. मागे माझी ताई होती. मला ओरखडाही आला नाही. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. तो मीच करून देणार, म्हणून मी हे शिकलो.

तीन पाय केले. डाव्याशी तंतोतंत जुळणारे. तिन्ही वेळा ताई पडली. घोटा वळत नाही, म्हणून असा पाय अर्धं बोट आखूड ठेवायचा, नाहीतर तो जमिनीला घासतो. हे मी नवीन लोकांना शिकवत होतो. फक्त ताईच्या पायात ते मला सोसवत नव्हतं.

चौथ्याच्या वेळी मास्तर शेजारी येऊन बसले. दुपार होती. हवेत पांढरी धूळ होती आणि उजेड तिच्यात थांबून राहिला होता.

"लेका, तू पाय करतोयस की अपघात पुसतोयस?"

मी डाव्या पायाचं माप पुन्हा ताडून पाहिलं.

"प्रभू कबरेतून उठला, तेव्हाही हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्याच. त्याने त्या बुजवल्या नाहीत. मित्रांना दाखवल्या आणि शांती दिली. तू काय त्याच्याहून मोठा कारागीर?"

मग त्यांनी माझे हात साच्यावर ठेवले. घट्ट होताना प्लास्टर आतून गरम होतं, हे आपण रोज पाहतो. त्या उबेत मी डोळे मिटले. हे माझ्या हातून झालं, एवढंच येशूला सांगितलं. बाहेर कुणीतरी अंगण झाडत होतं. तो आवाज खूप लांब गेला.

तो पाय अर्धं बोट आखूड झाला. ताई खिडकीपर्यंत गेली, परत आली. सात वर्षांत पहिल्यांदा मी तिची क्षमा मागितली.

"ती मी दवाखान्यातच केली होती रे," ताई म्हणाली. "तूच घ्यायला आला नाहीस."

मग बदललं काय? पाय काही उगवला नाही. पण सकाळी जाग येते, तेव्हा कुणीतरी आधीच खोलीत येऊन बसलंय, असं वाटतं. ते मला काही विचारत नाही. मी पडून राहतो. घाई नसते.

मास्तर, तुमचे आभार. हा समारंभ घडवणाऱ्यांचेही आभार. शेवटी चूकभूल माफ करा, असं म्हणायची रीत आहे. कित्येक वर्षं ते वाक्य मला बोलता येत नव्हतं. आज सावकाश म्हणतो.

माझं काही चुकलं असेल. मला क्षमा करा.