पिशव्या उघडण्याआधी

“‘आधी समुद्राला भेटून या, मग पिशव्या उघडा,’ असं तुझी आई दर सुट्टीत इथेच बजावायची.” लॉजच्या रांगेत माझ्यापुढचे आजोबा लेकीला सांगत होते.

“बाबा, गुडघे बघा तुमचे. उद्या जाऊ.”

“गुडघे काय, घरी बसूनही दुखतातच.”

“आई असती तर तिनेच बसवलं असतं तुम्हाला.”

“बसवलं असतं आणि स्वतः पळाली असती. शेवटी दवाखान्यात म्हणाली, ‘आता माझ्या वाटचंही तुम्हीच भेटून या.’ मी हो म्हटलंय.”

“हे कधी सांगितलं नाहीत.”

“तू तेही उद्यावर ढकललं असतंस.”

लेकीने पिशव्या माझ्या पायाशी ठेवल्या. “मावशी, जरा लक्ष ठेवाल?”

तोवर आजोबा चपला हातात घेऊन हळूहळू वाळूकडे निघाले होते.