खंडेनवमीचा काळा डबा

अरे, चकचकीत म्हणजे चांगलं, असं मला सांगूच नका. नव्वदच्या आसपास मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होतो. गच्चीवर आम्ही आरशांची मोठी छत्री उभी केलेली. सगळं ऊन एकवटून एका डब्यावर पडायचं, तो रिसिव्हर. त्यानं जास्तीत जास्त उष्णता धरावी म्हणून सहा महिने खपून खास काळा लेप लावलेला.

दसऱ्यानंतर पाहुणे चाचणी बघायला आले, तर तापमानाचा काटा चढेचना. जवळ जाऊन बघतो तर डबा ताटासारखा लखलखीत!

आमचे फिटर घरतकाका अभिमानानं म्हणाले, "खंडेनवमीला सगळी मशिनं घासली साहेब. पूजेला हा एकटाच काळाकुट्ट कसा ठेवायचा? दोन तास पॉलिश पेपर मारला."

मी ओरडणारच होतो. पण त्यांचा चेहरा बघून नुसतं म्हटलं, "अहो काका, काळा होता म्हणूनच ऊन पीत होता. आता सगळं परत फेकतोय."

काका हळूच म्हणाले, "काळं असणं कामाचं असतं, हे आजवर कुणी सांगितलंच नाही साहेब. माझ्या धाकटीला रंगावरून तीन ठिकाणी नकार आलाय."

पाहुण्यांना मी सांगितलं, लेप बदलतोय, महिन्याने या.

पुढच्या खंडेनवमीला काका धाकटीला घेऊन आलेले. सगळी मशिनं चकाचक. काळ्या डब्यापुढे तिला उभी करून म्हणाले, "आधी ह्याला हळदकुंकू लाव. ह्याच्यावाचून इथलं काही चालत नाही."